रोड ट्रिप, दिवस पहिला: पुणे – ताम्हिणी – हरिहरेश्वर

सुरूची_सावली | शुक्रवार, रात्री ९:४०

पुण्याहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, हे आम्ही चौघी हॉस्टेलच्या मैत्रिणी कॉलेज सुटल्यापासून म्हणत होतो. मग नोकऱ्या, लग्नं, मुलांची दहावी-बारावी, घरातली आजारपणं. आज एकदाच्या निघालो. गाडी माझी. चालवणार मी आणि आमची बँकेतली मैत्रीण, आलटून पालटून. तिसरी डॉक्टर आहे. चौथी नागपूरची, ती काल रात्रीच रेल्वेने येऊन माझ्याकडे उतरली होती.

या धाग्यात फक्त पहिल्या दिवसाबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिला दिवस लहान ठेवावा. 'पहिल्या दिवशी जास्तीत जास्त अंतर कापून घ्या, मग निवांत फिरा' हा सल्ला इथे अनेकदा वाचलाय. मला तो पटत नाही. पहिल्या दिवशी गाडीत बसलेली माणसं मनाने अजून घरातच असतात. एकीला ऑफिसचे फोन येत असतात, दुसरी मुलाला डबा कुठे ठेवलाय ते सांगत असते. त्यांना आधी घरातून बाहेर पडू द्यावं लागतं, आणि चारशे किलोमीटर गाडी हाणून ते होत नाही. म्हणून आजचा टप्पा पावणेदोनशेच्या आसपास ठेवला आणि दुपारच्या जेवणाला मुक्कामी पोचायचं ठरवलं.

सकाळी सहाला कोथरूड सोडलं. पिरंगुटला टाकी भरली, चाकांतली हवा बघून घेतली. बायकांच्या ग्रुपसाठी मुद्दाम लिहिते: स्वच्छतागृहाचं काम पिरंगुट-पौडपर्यंत उरकून घ्या. पुढे घाट उतरून माणगाव येईपर्यंत भरवशाची सोय सापडणं कठीण. घाटात फोनची रेंजही जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा.

निघण्याआधी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. प्रत्येकीने पाच-पाच हजार रुपये एका पाकिटात टाकले आणि पाकीट बँकवालीकडे दिलं. पेट्रोल, चहा, जेवण सगळं त्यातून. मैत्रीत पैशांचा हिशेब वाईट दिसतो म्हणून लोक तो टाळतात आणि मग शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी मनात राहून जातं. दुसरं, गाणी कोणती लावायची हे गाडी चालवणारी ठरवणार. तिसरं, घरचे फोन फक्त गाडी थांबली की घ्यायचे. हा तिसरा नियम मुळशीपर्यंतच जड गेला, पुढे रेंजच नव्हती.

मुळशीच्या जलाशयाकाठी पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागून नुकताच वर येत होता. पाण्यावर धुकं होतं. तिथे बराच वेळ थांबलो. हॉस्टेलमध्ये असताना आम्ही चौघी गच्चीवर अशाच न बोलता बसायचो. इतक्या वर्षांनी ते परत जमेल याची मला खात्री नव्हती.

ताम्हिणी म्हटलं की सगळ्यांना पावसाळाच आठवतो. फेब्रुवारीत धबधबे नसतात, डोंगर पिवळे पडलेले असतात, आणि तरी मी म्हणेन की या महिन्यात एकदा जाऊन बघाच. पळस, पांगारा आणि काटेसावर तिन्ही फुलले होते. पांगाऱ्याच्या एकेका झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल असा सगळा बाजार भरलेला. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. आज चार-पाच दुचाकी आणि विळ्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, एवढीच रहदारी. विंझाईच्या देवळात दर्शन घेतलं. आधी एका टपरीवर पोहे आणि चहा झाला होता, तोही बेतानेच, कारण नागपूरच्या मैत्रिणीला गाडी लागते. तिला पुढे बसवलं, काच थोडी खाली ठेवली आणि आलेपाकाची वडी तोंडात दिली. सगळा घाट ती नीट बसली.

निजामपूरमार्गे माणगावला आलो. तिथे मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी थोडा वेळ सोसावी लागते. पुढे मोर्बा, साई करत म्हसळ्याचा रस्ता धरला. डॉक्टरला मागच्या सीटवर झोप लागली. गेलं वर्षभर तिने आईचं आजारपण काढलंय आणि दिवाळीत आई गेली. आम्ही गाणी बंद केली. दोन ठिकाणी थांबायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. ती श्रीवर्धन फाट्यापर्यंत झोपली. 'मला उठवलं का नाही?' एवढंच म्हणाली आणि परत डोळे मिटले. चारशे किलोमीटरचं उद्दिष्ट असतं तर तिला आम्ही जेवायला, चहाला, पेट्रोलला तीनदा उठवलं असतं.

साडेबाराला हरिहरेश्वर. आदल्या दिवशी फोन करून सांगितल्यामुळे जेवणात उकडीचे मोदक होते. बरोबर वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. दुपारी सगळ्या झोपलो. चारला उठून आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असं दर्शन घेतलं आणि ओहोटी बघून प्रदक्षिणेला उतरलो. दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्या खाली जातात आणि एकदम समोर समुद्र येतो. नागपूरची मैत्रीण तिथेच पायरीवर बसली. समुद्र तिने मुंबईत पाहिलाय, पण असा, हाताशी आलेला आणि माणसांची गर्दी नसलेला, पहिल्यांदाच. खालच्या खडकांवरून चालत किनाऱ्याला वळसा घालून वर आलो. वाटेतल्या कातळाला पडलेली जाळी बघून आम्ही सगळ्याच चकित झालो. त्याबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा.

उद्या बागमांडल्याला फेरीत गाडी घालून सावित्री ओलांडायची, मग बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली करत दाभोळच्या फेरीने गुहागर. सूचना असतील तर सकाळी निघण्याआधी वाचेन.

---

गिअर_पाचवा | रात्री १०:०५

वर्णन आवडलं, पण मुख्य मुद्द्याशी असहमत.

सुट्ट्या मोजक्या असतात. पहिल्या दिवशी अंगात जो उत्साह असतो तो नंतर राहत नाही. आम्ही मित्र पहाटे चारला पुणे सोडतो, कोल्हापूरला मिसळ खातो आणि गगनबावड्याचा घाट उतरून दिवस मावळायच्या आत मालवणात असतो. दुसऱ्या दिवसापासून गाडीला हात लावायचा नाही. तुमच्या पद्धतीने मालवणला पोचेपर्यंतच सुट्टी संपेल, शिवाय रोज सामान बांधा, रोज नवी खोली शोधा.

पाकिटाच्या नियमाला मात्र +१. आमच्याकडेही हीच पद्धत आहे.

---

सुरूची_सावली | रात्री १०:२०

गिअर_पाचवा, तुमचं मालवणला जाणं आहे आणि आमचं मालवणपर्यंत जाणं आहे. ज्याला तारकर्लीला तीन दिवस राहायचंय त्याने कोल्हापूरमार्गेच जावं, त्यात वाद नाही. पण किनाऱ्याचा रस्ता हीच ज्याची ट्रिप आहे, त्याने पहिल्या दिवशी घाई केली की पुढचे सगळे दिवस घाईचेच जातात, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दिवशी लागलेला वेग नंतर कमी होत नाही.

आणि उत्साहाबद्दल: पहाटे चारला निघायचं तर आदल्या रात्री झोप होत नाही. दुपारी दोननंतर चालवणाऱ्याचे डोळे जड होतात. आमच्या डॉक्टरच्या मते घाट उतरायची ती सगळ्यात वाईट वेळ.

---

दर्याकाठ | रात्री १०:४५

ताई, मी श्रीवर्धन तालुक्यातलाच. आता नोकरीतून निवृत्त होऊन गावीच असतो. तुम्ही ओहोटी बघून उतरलात हे वाचून फार बरं वाटलं. त्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीत अडकून, लाटेने ओढून नेऊन माणसं गेली आहेत. बाहेरून आलेल्यांना वाटतं, पाणी तर लांब आहे, फोटो काढून लगेच येऊ. भरती वळली की खडकांमधल्या चिरांतून पाणी आधी मागून भरतं, हे त्यांना ठाऊक नसतं. सूचनाफलक आहेत, पण गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय खाली उतरू नये.

भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा जुना हिशेब इथे देऊन ठेवतो, पुढे किनाऱ्याने सगळीकडे उपयोगी पडेल. तिथीला पाऊणने गुणायचं. येणारा आकडा ही भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीची दोन्ही. आज माघ शुद्ध चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे भरती साडेदहाला आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, साडेचारला. तुम्ही नेमक्या त्याच वेळेला उतरलात. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण भरती, त्या दिवशी संध्याकाळी प्रदक्षिणेचं नाव काढू नये. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि ओसरतंही जास्त, हेही ध्यानात ठेवा.

श्रीवर्धनात थांबला नाहीत याचं मात्र वाईट वाटलं. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे इथले. हरिहरेश्वर त्यांचं कुलदैवत. आणि आमच्या वाड्यांतली रोठा सुपारी तुम्ही बघायला हवी होती. नारळ-सुपारीच्या बागेतून दुपारी दोन वाजतासुद्धा अंगाला ऊन लागत नाही.

---

आलेपाक | रात्री १०:५०

तिथीचा हिशेब वहीत उतरवून घेतला. दर्याकाठ काका, शतशः धन्यवाद. दर वर्षी किनाऱ्यावर जातो आणि दर वेळी कुणाला तरी विचारत बसतो.

---

मुळाकाठची | रात्री ११:१०

मुळशीच्या पाण्याकाठी थांबलात म्हणून लिहिते. माझं आजोळ मावळ-मुळशीतलं.

ते धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं. त्यासाठी बावन्न गावांची जमीन जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. शेतकरी, त्यांच्या बायका, मुलं सगळी त्यात होती. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. लढा तीन वर्षं चालला. शेवटी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. आजीच्या माहेरच्या शेताचा बांध कुठे असेल, हे ती पाण्याकडे बोट करून दाखवायची. आम्हाला पाणीच दिसायचं.

आता यातली दुसरी गोष्ट. मुळा नदी खरं तर पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर. मुळशीला ती अडवली आणि पाणी डोंगरातून पश्चिमेला, खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२७ पासून ते पाणी तिकडे उतरतंय. वीज करून झाली की ते कुंडलिका नदीत जातं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ना, ते भिऱ्याहून सकाळी सुटणाऱ्या याच पाण्यावर. म्हणून तिथे ऐन उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं.

तुम्ही ताम्हिणी उतरून विळ्याला आलात तिथून भिरा जवळच आहे. सकाळी वर जे पाणी शांत बघितलंत, तेच तुमच्या आधी खाली उतरलेलं होतं.

---

सुरूची_सावली | रात्री ११:२५

मुळाकाठची, तुमचा प्रतिसाद ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला. नागपूरच्या मैत्रिणीने दोनदा वाचायला लावला. तिच्या वडिलांचं गाव विदर्भातल्या एका धरणात गेलंय. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं, इतकी वर्षं एका खोलीत राहून. गेला पाऊण तास ती त्या गावाबद्दल बोलतेय.

---

दगडधोंडे | रात्री ११:३०

कातळाच्या जाळीबद्दल. भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हरिहरेश्वरचा खडक बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातलाच. भरतीच्या लाटांचे तुषार खडकावर उडतात, बारीक छिद्रांत खारं पाणी शिरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढतात. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब देतात, खडकाचे कण सुटतात आणि छिद्र मोठं होतं. हे रोज, हजारो वर्षं. खड्ड्यांमधल्या भिंती तेवढ्या टिकतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते.

ज्या सपाट खडकावरून तुम्ही चाललात तोही लाटांनीच तासलेला आहे. लाटा कड्याच्या पायथ्याला आपटून तो आतून पोखरतात, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पुढे हा ओटा उरतो. ओहोटीत उघडा, भरतीत पाण्याखाली. म्हणजे तुमची प्रदक्षिणेची वाट समुद्रानेच करून दिलीय आणि दिवसातून दोनदा तो ती परत घेतो. दर्याकाठ यांनी जो धोका सांगितलाय त्याचं कारण हेच.

एक विनंती: जाळीवर पाय देऊन वर चढू नका. त्या भिंती बोटाएवढ्या जाड असतात, मोडतात.

---

नवी_चालक | रात्री ११:४०

ताई, तुमचा धागा वाचून फार धीर आला. मी गेल्या वर्षी गाडी शिकले, शहरात चालवते, पण घाटाची भीती जात नाही. घरचे म्हणतात, घाटात ड्रायव्हर घेऊन जा. तुम्ही दोघींनी घाट कसा केलात ते जरा नीट सांगाल का?

---

सुरूची_सावली | रात्री ११:५५

नक्की सांगते. यावर मला फार दिवसांपासून लिहायचं होतं.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस. ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. दुसरा किंवा तिसरा गिअर टाक, ॲक्सिलरेटरवरून पाय काढ, इंजिनच गाडी रोखून धरतं. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडासा. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवायचं असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नकोस. चढावर येणाऱ्या गाडीला वाट आधी द्यायची, विशेषतः ट्रक किंवा एसटी असेल तर. तिला मध्ये थांबून परत उचलणं आपल्यापेक्षा खूप अवघड असतं. आंधळ्या वळणावर हॉर्न दे आणि आपली बाजू सोडू नकोस. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी वेग वाढवू नकोस, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्याला जाऊ दे. वळणावर फोटोसाठी गाडी उभी करू नकोस. ताम्हिणीत मोकळ्या जागा आहेत, तिथेच थांब.

सगळ्यात महत्त्वाचं, शेजारी कोण बसलंय याला फार किंमत आहे. 'अगं ब्रेक, अगं बस' असं ओरडणारं माणूस शेजारी नको. आज मी चालवत असताना बँकवाली शेजारी होती तेव्हा ती फक्त 'पुढे ट्रक आहे' एवढंच शांतपणे सांगायची. घाट सुरू झाल्यावर नागपूरची पुढे आली तर ती डोळे लांबच्या डोंगरावर लावून गप्प बसली. दोन्हींचा उपयोग झाला.

पहिल्यांदा जाशील तेव्हा कोरड्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी जा. पावसाळ्यात, धुक्यात किंवा रात्री नको. ड्रायव्हर घेऊन गेलीस तर भीती तशीच राहील.

---

गिअर_पाचवा | रात्री १२:०५

न्यूट्रलबद्दलच्या वाक्याखाली मोठी रेघ मारा. वरंध आणि आंबेनळीतही हेच लागू. नवी_चालक, ताईंनी सांगितलंय ते अगदी बरोबर आहे, तुम्हाला जमेल.

---

वऱ्हाडी_पाहुणा | रात्री १२:२०

आम्ही अकोल्याचे. आमची रोड ट्रिप म्हणजे पहिला दिवस जवळपास सगळा समृद्धीवर. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, गाडीला ताशी १२० ची मर्यादा. तिथं पहिला दिवस लहान ठेवतो म्हटलं तर आम्ही बुलडाण्यातच मुक्काम करू, समुद्र केव्हा बघू?

पण ताईंच्या बोलण्यात तथ्य आहे, ते वेगळ्या रीतीनं सांगतो. घाटात चालवणारा जागा राहतो. समृद्धीवर रस्ता सरळ, कडेला सावली नाही, समोर काही बदलत नाही. डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असतं. मोठे अपघात तसेच झाले. म्हणून आमच्या ग्रुपचा नियम आहे, दोन तासांच्या वर कोणी सलग चालवायचं नाही, मग कितीही ताजंतवानं वाटो. निघण्याआधी चाकं तपासायची, कारण तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर जुनं टायर फुटतं. पहिल्या दिवशी अंतर मोठं असू दे, पण थांबे भरपूर ठेवा. नाशिकला पोचलो की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही.

नागपूरच्या ताईंना आमचा नमस्कार सांगा.

---

सुरूची_सावली | शनिवार, सकाळी ६:५०

नमस्कार पोचवला. ती म्हणाली, अकोल्याच्या माणसाला म्हणावं परतीच्या वाटेवर थांबतो तुमच्याकडे.

वऱ्हाडी_पाहुणा, मी अंतराचा आकडा सगळ्यांना सांगत नाहीये. तुमच्याकडून समुद्र लांबच आहे. पहिल्या दिवशी गाडीतल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला विश्रांती मिळावी, एवढंच मला हवंय. तुमच्या दोन तासांच्या नियमाने तेही होतं.

आज आठला निघायचा विचार आहे. बागमांडल्याला फेरीला रांग असते का?

---

दर्याकाठ | सकाळी ७:०५

शनिवार आहे, दहानंतर रांग वाढेल. नवापर्यंत पोचलात तर लगेच जागा मिळेल. गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे जवळ ठेवा. फेरीत गाडी कधी कधी मागे घेत चढवायला सांगतात. त्यांची माणसं हाताने खुणा करतात, त्यांच्याकडे बघून सावकाश घ्या, घाबरण्यासारखं काही नाही. हँडब्रेक लावून गाडीतून उतरा आणि कठड्याशी उभ्या राहा. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते, ते मुख फेरीतून नीट दिसतं. पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा सुरू.

आता रागावू नका, पण तुमचा आजचा बेत मला पटलेला नाही. काल तुम्ही दिवस लहान ठेवलात आणि आज एका दमात गुहागर म्हणता. नकाशावर अंतर सव्वाशेच्या आसपास दिसतं, पण दोन फेऱ्या, अरुंद रस्ते, गावागावांतली वळणं, यात दिवस मावळेल. केळशीचं महालक्ष्मीचं देऊळ, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा माशांचा लिलाव, यातलं काहीच धड होणार नाही.

त्यापेक्षा वेश्वीला उतरून बाणकोटचा किल्ला बघा. हिम्मतगड. १७५६ च्या तहात तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. किल्ला छोटा आहे, अर्ध्या तासात होतो, वरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. तिथून वेळास अगदी जवळ. नाना फडणवीसांचं मूळ गाव. आणि सध्या कासवांचा हंगाम चालू आहे. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती चोरीला जायची, कोल्हीकुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धन सुरू केलं. अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलून बघतात. पिल्लं असली तर वाळूवर सोडतात, ती स्वतः चालत समुद्रात जातात. रोज निघतीलच असं नाही, पण संध्याकाळी आणि उद्या सकाळी अशा दोन वेळा थांबलात तर दिसण्याची शक्यता वाढते. मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच असतो, जेवण घरचं. शनिवार असल्यामुळे आत्ताच फोन करून जागा विचारा.

---

सुरूची_सावली | सकाळी ७:३०

काका, रागवायचं कशाला? तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि डॉक्टर म्हणाली, 'गुहागर कुठे पळून जातंय?' वेळासला दोन घरी फोन लावला, दुसऱ्या घरी चौघींची सोय झाली. जेवायला दुपारी एकपर्यंत या म्हणाल्या.

तिथीचा हिशेब मांडून पाहिला. आज पौर्णिमा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी पिल्लं सोडायच्या वेळेला ओहोटी असेल ना? मग पिल्लांना पाण्यापर्यंत बरंच चालावं लागेल?

---

दर्याकाठ | सकाळी ७:४०

हिशेब अगदी बरोबर. सव्वापाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे असेल, सहाला नुकतं वळू लागलेलं. पिल्लांना लांब चालावं लागेल खरं. तेवढं ती चालतात. बघणाऱ्यांनी दोरीच्या मागे उभं राहायचं, फोटोला फ्लॅश मारायचा नाही आणि पिल्लाला हात लावायचा नाही.

वेश्वीहून बाणकोटला जाताना रस्ता खाडीकाठाने आहे आणि फार अरुंद आहे. समोरून एसटी आली तर तुम्हीच आधी थांबा.